आत माणसं चार, बाहेर जोड पाच

...उघड्यावर गाडी लावून फुकट मुक्काम करायचा, आणि वर त्याला नाव काय, तर फ्रीडम कॅम्पिंग! तुम्हाला सांगतो, स्वातंत्र्याची इतकी कडक व्याख्या मी आयुष्यात दुसरीकडे वाचली नाही, आणि वाचण्याशिवाय दुसरं केलंय काय मी! पाण्याकाठी एक पाटी, पाटीवर अकरा कलमं. गाडीत स्वतःचा संडास हवा, त्याचा हिरवा दाखला काचेवर हवा, दोन रात्रींच्या वर मुक्काम नाही, शेकोटी नाही, भांड्यांचं पाणी जमिनीवर ओतायचं नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत... मग करायचं काय? तर मोकळं व्हायचं! आणि ही पाटी वाचायला आजूबाजूला माणूस म्हणाल तर एक नाही. दहा-दहा मैल माणूस नाही, आणि तरी तिथल्या एकुलत्या एक सार्वजनिक संडासात कागदाची नवी कोरी गुंडाळी! कोण लावतं? कधी लावतं? मी चिरंजिवांना विचारलं, तर म्हणाले, "बाबा, काउन्सिल." म्हणजे नगरपालिका, पण असं म्हणाले जसं आपण 'ईश्वरेच्छा' म्हणतो.

पण माझी तक्रार पाटीबद्दल नाही. माझी तक्रार आहे त्या गमबुटांबद्दल. थांबा, क्रमाने सांगतो, क्रम चुकला तर लगेच टोका, हल्ली मला टोकलेलं चालतं... आता माझं चुकत असेल, नाही म्हणत नाही मी.

मी पुरुषोत्तम. पुण्याला एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. पीएच.डी. कशावर? तर निरीक्षणातल्या चुकांवर. म्हणजे माणूस मोजताना कुठे चुकतो, किती चुकतो, आणि चुकला हे त्याला कधी कळतं, यावर तीनशे बारा पानं. ती छापून आली आणि पान सत्तेचाळीसवर मलाच एक चूक सापडली! तेव्हापासून माझा माझ्यावरचा जो विश्वास उडाला तो अजून कुठे टेकलेला नाही. दाराला कुलूप लावलं की मी तीनदा ओढून बघतो. आणि चौथ्यांदा बघतो ते, तीनदाच ओढलं ना, म्हणून.

तर मी आणि माझी बायको शांता, आम्ही सहा महिन्यांसाठी इकडे, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाच्या या देशात, लेकाकडे आलो. सुशील, आयटीतला, घर टाकानिनीला, जिथे सगळी घरं एकाच दिवशी जन्मल्यासारखी दिसतात. सून मृणालिनी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. आणि नात स्वानंदी, अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "स्वानू, जेवलीस का?" "येप." "काय जेवलीस?" "स्टफ." झाला संवाद! पहिल्या चार महिन्यांत यापलीकडे आमची गाडी गेली नाही.

आता मुख्य अडचण सांगतो. माझ्या हातून इथे दोनदा दूध उतू गेलं. जाऊ दे, दूध कुणाचंही जातं. पण एकदा सँडरिंगहॅमला किराणा घ्यायला गेलो, मी आधी बाहेर आलो, गाडीत बसलो, पट्टा लावला, आणि दुकानातला कढीपत्ता किती सुकलेला आहे यावर पाचेक मिनिटं बोललो. बोलून झाल्यावर शेजारी बघतो तर एक सरदारजी! तेही बिचारे मान डोलावत ऐकत होते. आता या देशात दर तिसरी गाडी पांढरी, ही चूक माझी की रंगाऱ्याची? पण सुशील! रागावला असता तर बरं होतं हो! नुसता बघत राहिला... आणि त्या संध्याकाळी तो मृणालिनीशी बोलताना मी ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं. या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या.

"या सहलीत चार दिवस एकत्र असू तर बाबांकडे नीट लक्ष देतो. ठीक वाटले तर जूनमध्ये जाऊ देत दोघं पुण्याला. नाहीतर मग फ्लॅट काढून टाकू आणि इथेच ठेवून घेऊ."

ठेवून घेऊ! मी काय कुरियर आहे? पुण्याला माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, माझी खुर्ची, माझा फळा... हो, फळा आहे माझ्या घरात, खडूसकट, मी अजून सकाळी उठून त्यावर काहीतरी लिहितो आणि पुसतो, त्याशिवाय मला चहा जात नाही. ते सगळं काढून टाकायचं? म्हणजे ही सहल नव्हती, तुमच्या लक्षात येतंय ना, ही चार दिवसांची तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षक गाडी चालवत होता!

मृणालिनीला रजा मिळाली नाही. निघालो आम्ही चौघं. एप्रिलची शाळेची सुट्टी, म्हणजे इकडे शरद ऋतू, गारठा सुरू. भाड्याचं ते घर-गाडी प्रकरण कसं, तर शेगडी आणि संडास यांच्यात एक हात अंतर. शांताने दार उघडून एकदा आत बघितलं आणि म्हणाली, "मी चार दिवस पाणी पिणार नाही." हॅमिल्टनला डिझेल भरायला थांबलो तर ती जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरली, पातेलं कमी पडतंय म्हणून, आणि एक भली मोठी पिशवी घेऊन आली. पण तिचा मुख्य नियम वेगळाच. "गाडी असली तरी आत अन्न शिजतंय. पायातलं बाहेर!" झालं. पायरीखाली एक चटई, चटईवर आमचे जोड. सुशीलचे बूट, स्वानंदीचे बूट, शांताचे सँडल, माझ्या चपला. मी ते रोज झोपताना ओळीत लावायचो आणि मोजायचो. सवय! चार माणसं, चार जोड. हिशेब बंद, दिवा बंद.

पहिला मुक्काम नदीकाठी. सकाळी उजाडायच्या बेताला मला जाग आली, या वयात ती का येते ते तुम्हाला सांगायला नको, आणि गाडीतलं ते संडासाचं कपाट नको म्हणून मी दार सरकवून बाहेर आलो. धुकं! अहो धुकं म्हणजे काय, नदी नाही, झाड नाही, पाटी नाही, नुसतं पांढरं, जणू कुणी माझा फळा उलटा करून... जाऊ दे, उपमा राहू द्या. पक्ष्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही. मी चपला घालायला खाली बघितलं. आणि ओळीच्या शेवटी, आमच्या जोडांना अगदी खेटून, गमबुटांचा जोड.

काळे. गुडघ्यापर्यंत येतील एवढे. माझा पाय सात नंबरचा, हे बारा नंबरचे. टाचेला वाळलेला चिखल. आणि तुम्हाला सांगतो, चवडे दाराकडे! म्हणजे कुणीतरी चालत आलं, इथे थांबलं, आपण काढतो तसे रीतसर काढले, आणि आत गेलं.

मी मागे वळून आत बघितलं. शांता, एक. सुशील, दोन. स्वानंदी वर चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर, पाय दिसत होते, तीन. मी चार. पुन्हा मोजलं. उलटीकडून मोजलं. आत माणसं चार, बाहेर जोड पाच!

आता तुम्ही म्हणाल, ओरडायचं होतं. कसं ओरडू? "बाबा, काय झालं?" "अरे, बाहेर एक जोड जास्त आहे." "बरं बाबा, बसा हं, पाणी घ्या." झालं की! तिकीट रद्द, फ्लॅट विक्रीला, फळा भंगारात! मी निमूट विधी आटोपला, येऊन पडलो, आणि साडेसातला सगळे उठल्यावर अगदी सहज, शीळ घालत, म्हणजे मला शीळ येत नाही, पण तोंड तसं करून बाहेर डोकावलो. जोड चार.

गमबूट नाहीत! चटईवर ओला ठसासुद्धा नाही! आता माझं चुकत असेल, नाही म्हणत नाही मी. निरीक्षण एकच, निरीक्षक एकच, आणि निरीक्षकाचं वय चौऱ्याहत्तर. माझ्याच प्रबंधाप्रमाणे असं निरीक्षण फेकून द्यायचं असतं. दिलं फेकून. पण तुम्ही मला सांगा, फेकलेली गोष्ट जाते कुठे?

दुसऱ्या दिवशी प्रवास. सुशील अगदी गप्पा मारल्यासारखं विचारणार, "बाबा, काल आपण जेवलो कुठे?" प्रश्न साधा. पण मी काय सोडतो! मी गावाचं नाव, दुकानाची बाजू, काउंटरवरच्या बाईच्या कानातल्या डुलांचा रंग आणि स्वानंदीने टाकलेल्या बटाट्याच्या कापांचा अंदाजे आकडा, असं सविस्तर उत्तर दिलं. तर शांता म्हणते, "अहो, हो म्हणून सांगायचं असतं." सुशील आरशातून माझ्याकडे बघत होता. गुण मिळाले की गेले, काही कळेना.

आणि बाहेरचा तो प्रदेश! हिरवं, नुसतं हिरवं, आणि त्यात मेंढ्या. आमची गाडी दिसली की सगळ्या मेंढ्या चरायच्या थांबून माना वर करून बघणार. शंभर मेंढ्या, दोनशे डोळे, आणि मालक नाही! एक गाव लागलं, त्यात एक सभागृह, बंद शाळा, घरांच्या अंगणात झोपाळे, वाऱ्यावर हलतायत, माणूस नाही. एका फाटकापाशी पिशव्या मांडलेल्या, त्यात ती फेजोआ नावाची फळं, पेरूच्या चुलत भावासारखी, वर पाटी, फुकट न्या. शांता म्हणाली, "फुकट देतायत म्हणजे काहीतरी असणार, उचलू नका." मी म्हटलं, अगं इकडची रीत आहे. म्हणाली, "रीत असेल. पण मांडली कुणी?" बघा, म्हणजे तिलाही भीती वाटत होती! पण मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार असाच झाला आमचा.

संध्याकाळी एका तळ्यावर पोचलो. तळ्याचं नाव सांगत नाही. एक तर मला ते नीट उच्चारता येत नाही, आणि चुकीचं नाव घेऊन भलत्याच तळ्याची बदनामी नको. पाण्यात वाळलेली झाडं उभी, पाण्यावर काळे हंस, लाकडाचा एक धक्का पाण्यात गेलेला. फोनला रेंज नाही. सुशीलने स्वानंदीला बजावलं, "पाण्याजवळ एकटं जायचं नाही. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाही. क्लिअर?" "येप." मी जोड लावले. चार. दोनदा मोजले. झोपलो.

पहाटे जाग आली ती आवाजाने. बाहेरून, लांबून, पाण्याच्या बाजूने, कुणीतरी बोलत होतं. बारीक आवाज. थांबत, थांबत. मी कान लावला. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावरचा प्रत्येक केस... तो आवाज मराठीत बोलत होता! तिथे, त्या तळ्यावर! आणि म्हणत होता,

"पुरुषोत्तम... घाबरू... नका."

मला नावाने हाक मारणारी माणसं उरलीत कोण हो? आई गेली, वडील गेले, थोरला भाऊ गेला, शाळेतला शेवटचा मित्र मागच्या दिवाळीत गेला. शांता 'अहो' म्हणते. म्हणजे माझं नाव घेणारे जेवढे, ते सगळे पलीकडे! आणि ते त्या धुक्यातून मला सांगतायत, घाबरू नका. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. मी तसा देव न मानणारा, पण लहानपणचं स्तोत्र म्हणायला लागलो, तर दुसरी ओळ आठवेना! आता ही घाबरल्यामुळे आठवेना की त्या दुसऱ्या कारणामुळे? ती एक वेगळीच भीती. एकावर एक!

मग आवाज थांबला. मग... गाडी हलली. जराशी. कुणी पायरीवर पाय ठेवला की हलते तशी. दार सरकलं. गार हवा पायाला लागली. दार पुन्हा लागलं. कुणीतरी आत आलं होतं. मी डोळे उघडले नाहीत. उघडा म्हणता? तुम्ही उघडले असते?

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी पांघरुणाच्या फटीतून मोजलं. शांता, सुशील, माळ्यावरचे पाय, मी. चार. आलेलं माणूस कुठे गेलं मग? सरपटत दारापाशी गेलो, बाहेर बघितलं. पाच जोड. तेच गमबूट! पन्नास-साठ मैलांवरून ते आमच्या मागे आले होते! मी म्हटलं, पुरुषोत्तम, शास्त्रज्ञ आहेस ना तू, तपास. आणि हात घातला आत, पार टाचेपर्यंत.

ऊबदार होता हो.

आत माणसं चार, बाहेर जोड पाच, आणि पाचवा जोड ऊबदार! साडेसातला बघितलं तर पुन्हा चारच. त्या दिवशी मी जेवलो नाही. सुशील म्हणाला, "बाबा, बरं नाही का?" मी म्हटलं, उत्तम आहे. तो म्हणाला, "आज वार कोणता?" सहज हं, अगदी पोळीला तूप लावता लावता! मी म्हटलं, गुरुवार. शुक्रवार होता. सुट्टीत कुणाला वार कळतो? तुम्हाला कळतो? पण तुम्हाला कुणी विचारत नाही!

तिसरी सकाळ. मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं की बघायचंच नाही. पण उजाडलं तसं बघितलं. दार सरकवलं, धुकं कालच्यापेक्षा दाट, खाली नजर टाकली, आणि काय सांगू, मला रडू आलं. चार जोड! सुशीलचे, स्वानंदीचे, शांताचे, माझे. चार! म्हणजे गेलं ते जे काय होतं ते, डोकं ठिकाणावर, जूनचं तिकीट पक्कं! आनंदाने आत वळलो, आणि ती मेली सवय... मोजलं. शांता. सुशील. मी.

माळ्यावर पाय नव्हते.

बाहेर जोड चार, आत माणसं तीन. मी संडासाचं कपाट उघडलं. रिकामं. तिचे बूट इथे, मोजे इथे, आणि पोरगी नाही. आता सुशीलला उठवायचं, कुणीही उठवलं असतं, आणि माझा हात त्याच्या खांद्यापर्यंत गेलासुद्धा... पण काय सांगू त्याला? "ऊठ, ते गमबूट नाहीत." "कुठले गमबूट, बाबा?" तो मला समजावण्यात पाच मिनिटं घालवणार, आणि तिकडे पाणी आहे. मी चपला अडकवल्या आणि निघालो.

गवतावर दंव, दंवात ठसे. गमबुटांचेच. जाणारे, तळ्याकडे. मी वाकून बघितलं तर पाऊल बारा नंबरचं, आणि दोन पावलांतलं अंतर दीड वीत! असलं कोण चालतं? राक्षसाचं पाऊल आणि चिमणीची चाल! आणि मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी विद्या माझ्या कामाला आली. मोठा ठसा, छोटी टांग, टाच फरफटलेली, म्हणजे बूट पायाचा नाही, म्हणजे पाय लहान, म्हणजे... मी धावलो हो! चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चपलांत, ओल्या गवतावर, दिसत काही नाही. आणि समोरून, धुक्यातून, तोच आवाज.

"तुमचं नाव पुरुषोत्तम आहे. मी स्वानंदी. मी तुमची... नात आहे. घाबरू नका. हे आपलं घर आहे. तुम्ही... हरवला नाही आहात."

धक्क्याच्या टोकाला ती उभी. गुडघ्यांवर आलेले ते बूट, माझा मफलर, आणि समोर पाणी. म्हणजे पाणीही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं, आणि ती त्या पांढऱ्याला हे सांगत होती. अगदी नम्रपणे. दोन हात पुढे करून.

"आजोबा! यू स्केअर्ड मी!"

मी तिला! मी फळीवर बसलोच. म्हटलं, बाळा, काय करतेस? ती म्हणाली, "प्रॅक्टिस." कसली? "डॅड मम्माला सांगत होता की आजोबांना, लाइक, लेटर ऑन, इंग्लिश आठवणार नाही. फक्त मराठी राहील. अँड देन यू वोंट नो मी. सो आय हॅव टू बी रेडी." घरी का नाही करायची? "एव्हरीवन विल लाफ. माय मराठी इज सो बॅड." आणि हे बूट? "आजी रात्री ठेवते बाहेर. मी बघितलं. माझे शूज तिथेच राहिले की तुम्हाला वाटणार मी आत आहे." बघा! अकरा वर्षांची पोर, मोजणाऱ्याला कसं फसवायचं हे तिला बरोबर कळलं होतं!

आणि मग तिने माझा हात धरला, "आजोबा, प्लीज डोन्ट टेल डॅड. पाण्याजवळ एकटी आले. ही विल नेव्हर लेट मी... आणि प्रॅक्टिसचं पण नको सांगू. प्रॉमिस?"

इतक्यात मागून हाका. "स्वानंदी! बाबा!" सुशील धुक्यातून धावत, अनवाणी, त्याच्यामागे शांता. तो येऊन तिला कवटाळून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही हिला घेऊन आलात? इथे? या धुक्यात?"

आता बघा, तुम्हीच बघा माझी स्थिती. माझ्याजवळ सगळं होतं! ठशांची लांबी, टांगेचं अंतर, अनुमान, निष्कर्ष. मीच शोधलं तिला, माझ्या शाबूत डोक्याने शोधलं, परीक्षकासमोर याहून चांगलं उत्तर कुणी दिलं असतं? चार वाक्यं बोलायची होती, आणि जूनमध्ये मी माझ्या फळ्यासमोर! मी तोंड उघडलं. ती पोर माझ्याकडे बघत होती. बापाच्या बगलेतून, एकच डोळा दिसत होता.

मी म्हटलं, "नाही रे. मी जरा फिरायला निघालो, आणि... कुठे आलो तेच विसरलो. ही मला शोधायला आली."

सुशीलने माझ्या काखेत हात घालून मला उठवलं आणि म्हणाला, "असू दे बाबा. चला." इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्या आवाजापुढे त्या तळ्यावरचं धुकं काहीच नाही!

आणि आता ऐका. पुरती दोन मिनिटं झाली नाहीत, आणि शांताचं लक्ष गेलं स्वानंदीच्या पायांकडे. "अगंबाई, माझे बूट!" तुझे? "हॅमिल्टनला घेतले. रात्री तुम्ही झोपलात की बाहेर ठेवते, सकाळी उठल्या उठल्या उचलते, सुशील हसेल म्हणून. माझी आई नव्हती का, एकटी असली की दाराबाहेर पुरुषाचा जोडा ठेवायची? ओसाड जागा ही, कुणी आलंच तर त्याला वाटावं, आत कुणीतरी धिप्पाड माणूस आहे."

मी म्हटलं, अगं, पण आत दोन पुरुष होते ना?

"एक झोपला की उठत नाही," ती म्हणाली, "आणि दुसरे..." आणि माझ्याकडे बघून तिने माझ्या स्वेटरचं बटण लावलं.

मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तुम्ही घाबरला असता!"

म्हणजे होते! गमबूट होते, पाच जोड होते, तिन्ही दिवस माझी मोजणी बिनचूक होती! आयुष्यात पहिल्यांदा मी चुकलो नव्हतो, आणि पुरावा हाती आला तो 'विसरलो' म्हणून सही केल्यावर दोन मिनिटांनी! आता सांगायला गेलो की बूट मी रोज बघत होतो, तर सुशील विचारणार, मग आजचे ठसेही बघितले असतील? की पुढचं सगळं आलंच. गप्प बसलो.

जूनचं तिकीट रद्द झालं. फ्लॅटचं बघतायत कुणीतरी. शांता म्हणाली, फळा इकडे आणता येईल का बघू, सुशील म्हणाला, बघू. सुशीलबरोबर स्मरणशक्ती तपासणाऱ्या एका डॉक्टरीण बाईंकडे जाऊन आलो, त्यांनी शब्द पाठ करायला सांगितले, मला सगळे येत होते हो, पण सगळे सांगितले तर सुशील म्हणणार, मग त्या दिवशी काय झालं होतं? म्हणून दोन गाळले. बाईंनी लिहून घेतलं.

आणि रोज साडेतीनला शाळेतून आली की स्वानंदी माझ्यासमोर स्टूल घेऊन बसते आणि माझ्याशी मराठी बोलते. मोठ्याने, सावकाश, आपण बहिऱ्याशी बोलतो तसं. "आजोबा. आज. मी. गणित. केला." मी थोडं समजल्यासारखं करायचं, थोडं नाही समजल्यासारखं. नाही समजलं की ती आणखी चार शब्द शोधून आणते. दोन महिन्यांत पोरगी गोष्टी सांगायला लागली! कोण म्हणेल हो, घरात कुणी म्हातारा विसरतोय म्हणून? आता माझं चुकत असेल, नाही म्हणत नाही मी, पण एवढा चांगला वर्ग मी एकतीस वर्षांत चालवला नव्हता.

फक्त परवा एक झालं. ती एक वस्तू दाखवून म्हणाली, "आजोबा, याला काय म्हणतात?" मी नेहमीप्रमाणे डोकं खाजवलं, वर बघितलं, आठवत नाही असं दाखवलं, ती हसली, मी हसलो, आता सांगावं म्हणून तोंड उघडलं... आणि शब्द नाही. आत नाही, जिभेवर नाही, कुठेच नाही. सोंग संपलं होतं हो, मी थांबलो होतो, आणि तरी नाही! तीनदा शोधला. चौथ्यांदा शोधला. तीच म्हणाली मग, माझा हात थोपटून, "घाबरू नका." अगदी स्वच्छ उच्चार.

आता हे निरीक्षण सोंगाच्या रकान्यात टाकायचं की दुसऱ्या, एवढंच मला तुम्हाला विचारायचं होतं.

कुठला शब्द म्हणता? अहो, तो आठवला असता तर तुम्हाला एवढा वेळ बसवून ठेवलं असतं का मी!